वाचकांचे प्रश्न: पडद्यावरचा ट्रान्स पुरुष सारखा आरशासमोरच का?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत, सिनेमा, सिरीज, गेम्स यांत ट्रान्स पुरुष कसे दाखवतात किंवा का दाखवतच नाहीत, म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय. ट्रान्स पुरुष म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झाली पण जे पुरुष आहेत ते. स्वतःला अगदी पुरुष म्हणवत नाहीत पण त्या बाजूचे आहेत अशांनाही धरून ट्रान्समॅस्क्युलिन म्हणतात. मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी लांबचा नाही हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न: पडद्यावर ट्रान्स बायका दिसतात, कधी चांगल्या कधी फार वाईट पद्धतीने, पण ट्रान्स पुरुष जवळजवळ नसतातच. खऱ्या आयुष्यात ते कमी असतात म्हणून असं होतं का?
– कॉलेजात शिकणारी एक वाचक

उत्तर: नाही गं, कमी वगैरे काही नसतात. ओळखू येत नाहीत, एवढंच. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, सुरू केलेल्या माणसाचा आवाज काही महिन्यांत खाली उतरायला लागतो, पुढच्या काही वर्षांत दाढी भरते, आणि मग रस्त्यात समोरून येणाऱ्याला तो कुणीही एक माणूस वाटतो, सांगितल्याशिवाय कळत नाही. ज्याला जगायचंय त्याच्यासाठी हे चांगलंच आहे, सुरक्षित आहे, पण कॅमेऱ्याला डोळ्यांना दिसेल असा फरक हवा असतो आणि तो इथे सापडत नाही. ट्रान्स बायकांना सिनेमाने कित्येक दशकं हसण्यासाठी नाहीतर खुनी म्हणून वापरलं, त्याची शिक्षा खऱ्या बायकांनी रस्त्यावर भोगली, त्यामुळे त्यांना जागा मिळाली आणि आम्हाला नाही मिळाली अशी तक्रार मी कधीच करणार नाही. आमच्या बाबतीत वेगळं घडलं. आमची गोष्ट सांगितली गेली ती 'पुरुषाचे कपडे घातलेली बाई' म्हणून, आणि तिला तसं का करावं लागलं याचं एक पटेल असं कारण शोधून जोडून दिलं गेलं.

बिली टिप्टनचंच बघ. जन्म १९१४, अमेरिकन जॅझ वाजवणारा, पियानो आणि सॅक्सोफोन दोन्ही, स्वतःच्या नावाचा ट्रायो, म्हणजे तिघांचा बँड होता, १९५० च्या दशकात रेकॉर्ड्स निघाल्या. सुमारे पन्नास वर्षं हा माणूस पुरुष म्हणून जगला, संसार केला, तीन मुलगे दत्तक घेऊन वाढवले. १९८९ मध्ये स्पोकेन शहरात तो वारला, शेवटच्या क्षणी घरी आलेल्या वैद्यकीय मदतनीसांमुळे शरीराची गोष्ट बाहेर आली आणि मग पेपर आणि टीव्हीवाले त्या घरावर तुटून पडले, मुलांनी अजून बापासाठी नीट रडूनही घेतलं नव्हतं. सगळीकडे एकच स्पष्टीकरण, की त्या काळी बाईला जॅझमध्ये काम मिळत नव्हतं म्हणून तिने हा वेश घेतला. आता सांग, तो पुढे बँड सोडून कलाकारांना काम मिळवून देणारा एजंट झाला, स्टेजवर नव्हता, घरी होता, म्हातारा झाला होता, आजारी होता, तेव्हा कुणाला दाखवायला वेश करत होता? हा साधा प्रश्न तेव्हा फार कमी लोकांना पडला. २०२० मध्ये आलेली 'नो ऑर्डिनरी मॅन' ही डॉक्युमेंटरी मिळाली तर जरूर बघ, त्यात ट्रान्स पुरुष नट बिलीच्या भूमिकेसाठी ऑडिशन देतात आणि देता देता स्वतःबद्दल बोलायला लागतात, बिलीचा मुलगाही त्यात आहे, आणि आपल्या बापाकडे एवढे लोक आदराने बघतात हे त्याला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळतं. मला तो भाग एका बैठकीत बघवला नाही.

पण तुझ्या प्रश्नाचं मुख्य उत्तर अजून बाकी आहे. जेव्हा आम्हाला दाखवतात तेव्हाही बदलाचा तेवढा तुकडाच दाखवतात. आरशासमोर उभं राहणं, छाती बांधणं, केस कापणं, इंजेक्शन, हॉस्पिटल, आणि घरच्यांना सांगण्याचा सीन. ते झालं की गोष्ट संपली. खऱ्या आयुष्यात तो काळ फार तर काही वर्षांचा असतो आणि त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य असतं, नोकरी, भांडणं, कर्ज, प्रेम, गुडघेदुखी, पोरांचे अभ्यास. ते कुणी लिहितच नाही, कारण लिहिणाऱ्याला आमच्या शरीरातच रस असतो, आमच्यात नसतो.

प्रश्न: 'बॉइज डोन्ट क्राय'साठी हिलरी स्वँकला ऑस्कर मिळालं, तो सिनेमा बघून मी आतून हललो होतो. आता म्हणतात ट्रान्स पुरुषाचं काम बाईने करू नये. अहो पण अभिनय म्हणजे दुसरं कुणीतरी होणंच ना? राजाचं काम करायला राजा कुठून आणायचा?
– जुना वाचक, सिनेमाचा वेडा

उत्तर: तुम्ही हलला होतात ते खोटं नव्हतं, त्या बाईंनी काम जीव ओतूनच केलंय. सिनेमा १९९९ चा, आणि ज्याच्यावर तो आहे तो ब्रँडन टीना खरा मुलगा, अमेरिकेत नेब्रास्कामध्ये ३१ डिसेंबर १९९३ ला त्याचा खून झाला, वय फक्त २१. आधी दोघांनी त्याच्यावर बलात्कार केला, त्याने पोलिसांकडे जाऊन तक्रार दिली, तरी त्या दोघांना अटक झाली नाही, आणि आठवड्याभरात त्यांनीच येऊन मारलं. त्या सिनेमामुळे हे जगभर पोचलं, हे मी मान्यच करतो. त्याच रात्री त्या घरात लिसा लँबर्ट आणि फिलिप डिव्हाइन या दोघांचेही खून झाले, आणि फिलिप हा काळा तरुण सिनेमातून पूर्ण वगळला, हेही मग लक्षात ठेवायला हवं.

राजाच्या मुद्द्याचं म्हणाल तर, राजा नाटकात राजा नसलेल्या माणसाने केला म्हणून राजे लोक खरे नसतातच असं कुणी घरी जाऊन म्हणत नाही. आमच्या बाबतीत लोक नेमकं हेच म्हणतात. सिनेमाभर शर्ट-पँटमध्ये दिसलेली नटी बक्षीस घ्यायला सुंदर गाऊन घालून येते, बक्षीसही सर्वोत्तम अभिनेत्रीचं, टाळ्या वाजतात, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की आत बाईच होती, पुरुष हा नुसता मेकअप होता. ज्या बापाला आपला मुलगा मुलगा आहे हे पटत नाहीये त्याला तर हे आयतंच मिळतं. यात नटीचा दोष नाही, निवड करणाऱ्यांचा आहे, आणि ही निवड पुन्हा पुन्हा तशीच होत गेली, २०१५ मध्ये एल फॅनिंग या नटीला ट्रान्स मुलाचं काम दिलं, २०१८ मध्ये स्कार्लेट जोहान्सन डांटे टेक्स गिल या खऱ्या माणसाची भूमिका करणार होती, लोकांनी आवाज उठवल्यावर तिने ती सोडली.

निर्माते नेहमी सांगतात की आधीचं आणि नंतरचं दोन्ही रूप दाखवायचं असतं म्हणून नटी घ्यावी लागते. पण मुळात आधीचं रूप दाखवायलाच हवं हे कुणी ठरवलं? आणि खरंच बदल दाखवायचा असेल तर ऑस्ट्रेलियातल्या '५२ ट्यूजडेज' (२०१३) या सिनेमावाल्यांसारखं करा, त्यांनी वर्षभर दर मंगळवारीच शूटिंग केलं, गोष्ट ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने, आणि आई म्हणून ओळखलेला माणूस जेम्स होत जातो त्या भूमिकेत डेल हर्बर्ट-जेन होते, जे स्वतः स्त्री-पुरुष या चौकटीत बसणारे नाहीत आणि त्याआधी व्यावसायिक नटही नव्हते. म्हणजे होतं, करायचं असेल तर होतं. ब्रिटनच्या 'ईस्टएंडर्स' या मालिकेने २०१५ मध्ये काइल स्लेटर आणला तेव्हा रायली कार्टर मिलिंग्टन या ट्रान्स पुरुषालाच घेतलं, मालिका काही कोसळली नाही.

प्रश्न: आजकाल प्रत्येक सिरीजमध्ये एखादं ट्रान्स पात्र जबरदस्ती घुसवलेलं असतं. गोष्टीला गरज नसताना कशाला?
– नाव छापू नये

उत्तर: तुम्ही पाहिलेल्या शेवटच्या दहा सिरीज आठवा आणि त्यात ट्रान्स पुरुष किती होते ते मोजा, मग बोलू. गरजेचं म्हणाल तर, अग्निशमन दलावरच्या '९-१-१ लोन स्टार' मध्ये (२०२०–२०२५) पॉल स्ट्रिकलंड नावाचा जवान आहे, काळा, धिप्पाड, नजर इतकी तीक्ष्ण की खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या समोरच्याबद्दल चार गोष्टी ओळखतो. तो ट्रान्स आहे, भूमिका करणारा ब्रायन मायकल स्मिथही ट्रान्स आहे. बहुतेक वेळ पॉल आगी विझवतो आणि माणसं बाहेर काढतो. गोष्टीला त्याच्या ट्रान्स असण्याची गरज नाही, बरोबर, तशी बाकीच्या जवानांच्या ट्रान्स नसण्याचीही नाही. माणसं असतात म्हणून ती गोष्टीत असतात.

प्रश्न: माझ्या मुलीने, म्हणजे तो आता मला मुलगा म्हण असं सांगतो, वय १६, चार महिन्यांपूर्वी हे सगळं सांगितलं. मी समजून घ्यायचं म्हणून 'द एल वर्ड' ही जुनी सिरीज बघितली, त्यात एक जण हार्मोन घ्यायला लागल्यावर संतापी होतो, अंगावर धावून जातो, ते बघून मला झोप नाही. असंच होतं का? आणि आम्ही दोघांनी मिळून बघावं असं काही आहे का?
– एक आई

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, तुम्ही वाक्य मध्येच थांबवून 'तो' लिहिलंत ना, ते त्याला कधीतरी वाचायला द्या.

तुम्ही बघितलेलं पात्र मॅक्स. २००६ मध्ये ते सिरीजमध्ये आलं आणि तेव्हा टीव्हीवर दिसणारा कायमचा ट्रान्स पुरुष म्हणजे जवळपास तो एकटाच, म्हणून त्या वयातल्या कितीतरी पोरांनी स्वतःला त्याच्यात शोधलं आणि त्यांना मिळाला काय, तर चोरून आणलेले हार्मोन घेणारा, चिडका, मैत्रिणींनी बाजूला टाकलेला, आणि २००९ मध्ये सिरीज संपताना गरोदर आणि एकटा सोडून दिलेला माणूस. लिहिणाऱ्यांना त्याच्याबद्दल माया नव्हती हे प्रत्येक भागात दिसतं, आणि मला त्याचा आजही राग येतो. पुढे याच सिरीजचा नवा अवतार निघाला, त्यात २०२२ मध्ये त्यांनी मॅक्सला परत आणलं, तोच कलाकार डॅनियल सी, आणि या वेळी तो स्वतःच्या कुटुंबात सुखात असलेला दाखवला. कुणीतरी ते अन्यायाचं ओझं उतरवायचं ठरवलं असावं.

आता औषधाचं. टेस्टोस्टेरॉनने शांत मूल मारकुटं होत नाही. आवाज बदलतो, पाळी बहुतेकांची काही महिन्यांत थांबते, पिंपल्स येतात, भूक वाढते, अंगावर केस येतात, स्नायू भरतात, हे सगळं हळूहळू, एका भागात नाही. मूड थोडा वरखाली होऊ शकतो, डोस चुकीचा असेल तर चिडचिड होऊ शकते, म्हणूनच डॉक्टर रक्त तपासून डोस ठरवतात आणि म्हणूनच चोरून घ्यायचं नसतं. उलट बऱ्याच जणांची आतली घुसमट कमी झाल्यामुळे ते शांतच होतात. आणि सगळे ट्रान्स पुरुष हार्मोन घेतातच असंही नाही. तो १६ चा आहे, कधी काय करायचं हे या विषयातले डॉक्टर, तुम्ही आणि तो मिळून बघाल, सिरीजला त्यात मत नाही.

पण सिनेमातल्या एका गोष्टीची मला त्या संतापापेक्षा जास्त भीती वाटते, कारण पोरं ती बघून तशीच्या तशी करतात. छातीभोवती क्रेप बँडेज गुंडाळणं. पडद्यावर हे इतक्यांदा दाखवलंय की पोरांना तीच पद्धत वाटते. कृपा करून घरात आजच बोला. ते बँडेज आवळत जातं, बरगड्यांना इजा होते, श्वास अडतो. चिकटपट्टी तर त्याहून वाईट. छाती सपाट दिसण्यासाठी बाइंडर नावाचं खास कापड मिळतं, ते बरोबर मापाचं घ्यायचं, एक नंबर लहान अजिबात नाही, दिवसात आठ तासांच्या आत काढायचं, झोपताना आणि व्यायाम करताना घालायचं नाही, दुखलं किंवा दम लागला तर लगेच काढायचं. तुम्ही स्वतः आणून दिलंत तर तो लपून काहीतरी गुंडाळणार नाही.

बघायला 'द अंब्रेला अकॅडमी'चा तिसरा सीझन (२०२२) बघा, पण आधीचे दोन बघून मग, नाहीतर काही कळणार नाही. त्यातला नट इलियट पेज याने २०२० च्या डिसेंबरमध्ये आपण ट्रान्स आहोत हे जाहीर केलं तेव्हा त्याची त्या सिरीजमधली भूमिका बाईची होती आणि दोन सीझन होऊन गेले होते. निर्मात्यांनी त्याला काढलं नाही की तीच भूमिका पुढे ओढली नाही, थॉमस पेज मॅकबी या ट्रान्स पुरुष लेखकाला बरोबर घेऊन पात्रालाच पुढे नेलं, ते पात्र केस कापतं, भावंडांना सांगतं मी व्हिक्टर, भावंडं म्हणतात बरं, आणि लगेच जग वाचवायच्या कामाला लागतात. एवढंच. तुमच्या मुलाला बहुतेक हा सीन पाठ असेल. काय बघायचं ते त्यालाच निवडू द्या, आणि बघताना त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका, पडद्याकडे बघा, पोरांना ते फार जाणवतं.

प्रश्न: गेम्सबद्दल कुणी बोलतच नाही. तिथे आहे का कुणी आपल्यातला?
– रात्रभर खेळणारा

उत्तर: आहे ना, आणि २०२० हे वर्ष त्यासाठी मोठंच होतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' मधला लेव्ह, ज्याला इयान अलेक्झांडर या ट्रान्स नटाने आवाज आणि हालचाली दिल्यात. तो धीट आहे, प्रेमळ आहे, जिवंत राहतो, पण त्याचे शत्रू त्याला जुन्या, मुलीच्या नावाने हाका मारत फिरतात आणि ते ऐकताना पोटात गोळा येतो. त्याच वर्षी 'टेल मी व्हाय' आला, त्यात आपण ज्याला खेळवतो तो टायलर रोनन ट्रान्स पुरुष आहे, आवाज ऑगस्ट एडन ब्लॅक या ट्रान्स पुरुषाचा. बनवणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की टायलरचं जुनं नाव गेममध्ये ऐकू येणार नाही. गेम संथ आहे, मारामारी नाही, बहीण-भाऊ आणि आईची गोष्ट आहे. तुला गोळीबार हवा असेल तर कंटाळशील, तरी एकदा खेळ.

प्रश्न: मी वेबसिरीज लिहितोय, त्यात एक ट्रान्स पुरुष आहे, नायकाचा मित्र. माझ्या ओळखीत कुणी नाही. काय टाळू?
– नवा लेखक

उत्तर: विचारलंत हे फार बरं केलंत. पहिल्यांदा आरसा काढून टाका. तो कपडे बदलताना पहिल्यांदा दिसणार असेल तर तो सीन बदला, त्याला आधी काम करताना, कुणाशी तरी वाद घालताना, उशीर झाला म्हणून धावताना दाखवा. त्याचं जुनं नाव तुम्हाला स्वतःलाही माहीत नसू दे, लिहूनच ठेवू नका म्हणजे कुठे येणार नाही. त्याचं गुपित फुटणं हा भागाचा शेवटचा धक्का करू नका, प्रेक्षकाला 'अरे बापरे' वाटावं म्हणून आमचं शरीर वापरलं की बघणारा आम्हाला फसवणारा समजतो, आणि असं समजणारे लोक हिंसेपर्यंत जातात, ब्रँडनचं वर लिहिलंच आहे. आणि त्याला मारू नका. नायकाला जाग यावी म्हणून मित्र मरतो हे तसंही जुनं झालंय.

तो बाईवरच प्रेम करेल असं धरून चालू नका. लू सलिव्हन नावाचा एक माणूस होऊन गेला (१९५१–१९९१), ट्रान्स पुरुष आणि त्याला पुरुष आवडायचे, लिंगबदलाचे उपचार करणाऱ्या त्या वेळच्या क्लिनिकने त्याला एवढ्यासाठीच नाकारलं, कारण डॉक्टरांच्या डोक्यात असा माणूस असूच शकत नव्हता. त्याने आयुष्यभर त्या डॉक्टरांशी पत्रव्यवहार करून भांडण केलं, १९८६ मध्ये ट्रान्स पुरुषांचा गट उभा केला, आणि एड्सने गेला. पडद्यावर हे आता कुठे येतंय, 'शेमलेस'च्या अमेरिकन सिरीजमध्ये ट्रेव्हर आहे, बेघर पोरांसाठी काम करणारा, त्याचं आणि इयान नावाच्या मुलाचं जुळतं, एलियट फ्लेचरने तो फार मोकळेपणी केलाय. त्या दोघांची भांडणंही बघा, ती ट्रान्स असण्यावरून कमी आणि स्वभावावरून जास्त होतात.

दुःख लिहायचंच असेल तर खरं लिहा, आणि त्याच्या शेजारी बाकीचं आयुष्य ठेवा. २००१ ची 'सदर्न कम्फर्ट' ही डॉक्युमेंटरी त्यासाठी बघाच. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या खेड्यात राहणारा रॉबर्ट ईड्स, त्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला आणि एकामागोमाग एक डॉक्टरांनी उपचार नाकारले, का तर ट्रान्स पुरुष आपल्या पेशंटमध्ये बसलेला बाकीच्यांना कसा दिसेल. १९९९ मध्ये तो गेला. एवढं ऐकून वाटतं की सिनेमा नुसता रडका असेल, पण त्यातला रॉबर्ट पाईप ओढत गप्पा मारतो, लोला नावाच्या बाईच्या नव्याने प्रेमात पडलेला आहे, मित्रांना जेवायला बोलावतो, ट्रान्स लोकांच्या वार्षिक मेळाव्याला तिला घेऊन शेवटचं एकदा जायचंच म्हणून हट्ट धरून बसतो आणि जातो. डॉक्टरांनी काय केलं ते तुम्ही विसरणार नाहीच, पण त्याच्या आधी माणूस लक्षात राहतो. हे तुम्हाला जमलं तर बाकी चुका मी माफ करीन.

ओळखीत कुणी नाही म्हणता, तर शोधा. पहिला खर्डा झाल्यावर किमान दोन ट्रान्स पुरुषांना वाचायला द्या, दोन अशासाठी की आमचीही आपापसात मतं जुळत नाहीत, आणि त्या कामाचे पैसे द्या, श्रेयनामावलीत नाव द्या, चहावर भागवू नका. भूमिकेसाठी ट्रान्स पुरुष नट बोलवा, आणि नायकाच्या भूमिकेसाठीही त्याची ऑडिशन घेऊन बघा.